पांढऱ्या पेशी, अवधाण आणि 'इम्युनिटी': लॅबच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रोज स्लाइड बघतो. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूची रांग, थंडीत खोकल्याची, आणि वर्षभर व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमधला एखादा ठळक आकडा बघून घाबरलेल्या लोकांचे फोन. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसीखाली पाच नावं असतात. ती कोण मंडळी?

पांढऱ्या पेशींचे ते पाच प्रकार: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढ्या थेंबात, एकूण साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. तेवढ्याच थेंबात लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास, त्यामुळे पांढऱ्या शोधाव्या लागतात.

काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, वाळवायचा, लीशमनचा रंग घालायचा, धुवायचा आणि तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघायचं. फिकट गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत मध्येच एखादी जांभळ्या केंद्रकाची पेशी दिसते. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार तुकडे दोऱ्याने जोडल्यासारखं. लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ सगळा गोल जांभळा ठिपका, भोवती निळी किनार. मोनोसाइट सगळ्यांत मोठा, केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं. इओसिनोफिलच्या पोटात नारिंगी-गुलाबी कण खच्चून भरलेले, अगदी सोललेल्या डाळिंबासारखे. इओसिन नावाचा रंग धरतात म्हणून ते इओसिनोफिल. रंगांवरून पेशी ओळखायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉल एर्लिख यांनी घालून दिली. बेसोफिल आठवड्यातून कधीतरी दिसतो आणि दिसला की मी शेजारच्याला बोलावून दाखवतो.

पूर्वी आम्ही अशा शंभर पेशी हाताने मोजायचो, आता मशीन मोजतं. पण मशीन अडखळलं की अजूनही स्लाइडच काढावी लागते.

लिम्फोसाइट ५५ टक्के आलेत आणि पुढे 'हाय' लिहिलंय. काही गंभीर आहे का?

टक्क्यांनी जेवढे लोक घाबरतात तेवढे आजाराने घाबरत नसावेत. समजा एकूण पांढऱ्या पेशी ३,००० आहेत. त्यात ५५ टक्के लिम्फोसाइट म्हणजे १,६५०, आणि हा आकडा अगदी नेहमीचा आहे. लिम्फोसाइट वाढलेलेच नाहीत. न्यूट्रोफिल कमी झाल्यामुळे त्यांचा वाटा मोठा दिसतोय. व्हायरल तापात हे रोज दिसतं. म्हणून टक्के एकटे वाचू नका. शेजारी 'ॲब्सोल्यूट' असं लिहिलेला आकडा असतो, तो बघा.

आणि लहान मुलांचं गणितच वेगळं. साधारण एक ते चार वर्षांच्या निरोगी मुलाच्या रक्तात लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्तच असतात. एकदा अडीच वर्षांच्या मुलाची आई रात्री साडेदहाला फोनवर रडत होती, कारण रिपोर्टमध्ये ६० टक्के आले होते आणि तिने गुगलवर थेट ल्युकेमियापर्यंत, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरपर्यंत, मजल मारली होती. चूक तिची नव्हती. मोठ्या माणसांच्या कोष्टकावर मुलाचा रिपोर्ट छापून आम्हीच पाठवला होता. दुसऱ्या दिवशी कोष्टक बदललं, पण तिची ती रात्र काही परत देता आली नाही.

न्यूट्रोफिल वाढले म्हणजे इन्फेक्शनच ना?

बहुतेकदा, पण नेहमी नाही. जखमेत जंतू शिरले की पहिल्या काही तासांत जे पोचतात ते हेच. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूला गिळून आतल्या रसायनांनी मारतात. काही न्यूट्रोफिल तर मरतामरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकतात. हे २००४ मध्ये लक्षात आलं. गळू पिकलं की जो पू येतो, त्यात मुख्यतः हे मेलेले न्यूट्रोफिलच असतात. यांचं आयुष्य तासांत किंवा फार तर काही दिवसांत मोजायचं, म्हणून हाडांच्या आतल्या मज्जेला रोज साधारण दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल बनवावे लागतात.

आता 'नेहमी नाही' का ते. बऱ्याच न्यूट्रोफिलची वस्ती रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून असते आणि ते मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइडची गोळी घेतली, जोरात धावलात किंवा खूप ताण आला की ते सुटून प्रवाहात येतात आणि आकडा वाढतो. एक काका नियमाने पर्वती दोनदा चढून-उतरून थेट सॅम्पल द्यायला यायचे आणि दर वेळी काउंट वर. एकदा घरून रिक्षाने यायला सांगितलं, आकडा जागेवर आला.

मॅक्रोफेजबद्दल शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. रिपोर्टमध्ये तो का नाही?

कारण जंतू आणि कचरा गिळणारी ही पेशी रक्तात राहत नाही. बरेचसे मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइटपासून तयार होतात आणि काही जन्माच्या आधीपासूनच त्या त्या अवयवात मुक्कामाला असतात. फुप्फुसात, यकृतात, कातडीखाली, मेंदूत, सगळीकडे ही मंडळी आहेत. फक्त नावं बदलतात.

शरीराच्या 'सैन्या'च्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मला ती उपमा फारशी पटत नाही, कारण मॅक्रोफेजचं रोजचं काम सफाईचं आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतले आणि यकृतातले मॅक्रोफेज तिला गिळतात आणि तिच्यातलं लोह काढून पुन्हा वापरायला देतात. एवढी काटकसर तर सदाशिव पेठेतही नाही.

पेशी गिळतात हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते इल्या मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल त्यांना आणि वर आलेल्या एर्लिख यांना विभागून मिळालं.

घरात आजी असेल तर तिच्या हातावरचं गोंदण बघा. साठ-सत्तर वर्षं ते टिकलंय याचं श्रेय बऱ्याच अंशी मॅक्रोफेजना जातं. सुईने आत गेलेल्या शाईचे कण त्यांनी गिळले, पण पचवता आले नाहीत. तो मॅक्रोफेज मेला की शाई सुटते आणि शेजारचा किंवा नवा आलेला ती पुन्हा गिळतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे हस्तांतरण दिसलं आहे.

मात्र याच गिळण्याचा फायदा क्षयाचा जंतू घेतो. तो मॅक्रोफेजच्या आत जाऊन मरत नाही, तिथेच संसार थाटतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतं. मधुमेह, उपासमार किंवा एचआयव्हीने ती भिंत ढिली झाली की क्षय वर येतो.

पायाला जखम झाली तर जांघेत अवधाण का येतं? जखम तर तळपायाला आहे.

काउंटरवरचा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. 'अवधाण' हा शब्द आता फक्त आजी-आजोबा वापरतात, नातवंडं 'लिम्फ नोड सुजलाय' म्हणतात. गोष्ट एकच.

कातडीत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या डेंड्रायटिक पेशी असतात. जंतू आला की त्या त्याचा तुकडा उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून जवळच्या ग्रंथीकडे निघतात. पायाचा माल जांघेत, हाताचा काखेत, घशाचा मानेत. एका अर्थी पंचनामा करून पुरावा ठाण्यात जमा करणं हे त्यांचं काम. ग्रंथीत लाखो टी आणि बी पेशी (लिम्फोसाइटचेच दोन प्रकार) थांबलेल्या असतात आणि प्रत्येकीला एकच विशिष्ट आकार ओळखता येतो. पुरावा एकेकीला दाखवला जातो. जिला तो जुळला, ती भराभर विभागायला लागते. या गर्दीने ग्रंथी फुगते, ताणते, दुखते. म्हणजे दुखरं अवधाण हे बहुतेक वेळा काम चालू असल्याची खूण.

डेंड्रायटिक पेशी १९७३ मध्ये वर्णन करणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला ते माहीत नव्हतं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, पण ते कायम ठेवलं गेलं.

पुण्याच्या आठवणीत या गाठींना फार वाईट जागा आहे. १८९७ च्या प्लेगात तापाची ओळखच जांघेतल्या-काखेतल्या गाठींवरून होत असे. पिसवा पायाला चावायच्या, जंतू जांघेतल्या ग्रंथीत पोचायचा आणि गिळणाऱ्या पेशींना दाद न देता तिथेच वाढायचा. म्हणजे ठाणंच ताब्यात.

गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, दुखत नाही पण टणक आहे आणि वाढतेय, सोबत वजन घटतंय किंवा रात्री घाम फुटतोय, तर शेक देत बसू नका. दाखवा.

टी आणि बी पेशींत फरक काय? स्लाइडवर ओळखू येतात का?

नाही. स्लाइडवर दोन्ही लिम्फोसाइटच दिसतात, वेगळं करायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा मशीनने ओळखणारी तपासणी, लागते. टी म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी, जिथे या पेशी पक्व होतात. बी हे अक्षर आलं कोंबडीमुळे. पक्ष्यांत या पेशी 'बर्सा' नावाच्या अवयवात घडतात. आपल्याला तो अवयव नाही, आपल्या बी पेशी हाडांच्या मज्जेत घडतात.

बी पेशीला तिचा जंतू सापडला आणि टी पेशीची संमती मिळाली की तिची प्लाझ्मा पेशी होते आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात सोडते. हे रेणू बाहेर फिरणाऱ्या जंतूला चिकटतात. पण विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की तिथे प्रतिपिंड पोचत नाही. तिथे मारक टी पेशी लागते. ती घर तपासते आणि बिघडलेली पेशी संपवते. या सगळ्यांना हुकूम देणारी ती मदतनीस टी पेशी.

आकार ओळखण्याची ही विविधता येते जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून. प्रतिपिंडांच्या बाबतीत ते कसं होतं हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. पिसून वाटलेल्या पानांत काही पानं स्वतःच्या शरीरावर उठणारीही निघतात, म्हणून थायमसमध्ये टी पेशींची परीक्षा होते. स्वतःच्या पेशींना अजिबात ओळखत नाही, बाद. फार घट्ट धरते, तीही बाद. बहुसंख्य पेशी तिथेच मरतात. एमपीएससीचा निकाल त्यापुढे दयाळू वाटावा.

एनके पेशी म्हणजे काय?

नॅचरल किलर. हाही लिम्फोसाइटच, पण याला ठरावीक जंतूची ओळख लागत नाही. आपली प्रत्येक निरोगी पेशी पृष्ठभागावर एक ओळखपत्र बाळगते. काही विषाणू आणि कॅन्सरच्या पेशी टी पेशींपासून लपायला ते ओळखपत्रच आत ओढून घेतात. एनके पेशी नेमकं तेच तपासते: पत्र दिसलं नाही की मारते.

सीडी४ काउंट कशासाठी करतात?

सीडी४ ही मदतनीस टी पेशीच्या पृष्ठभागावरची खूण. एचआयव्ही याच खुणेला धरून आत शिरतो. निरोगी माणसात मायक्रोलिटरला साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही डोकं वर काढतात. हुकूम देणाराच गेला की बाकी सगळे असून नसल्यासारखे. औषधं नियमित घेतली की आकडा परत चढतो, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतो. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. जुने लोक तिला अजून 'नारी' या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावानेच ओळखतात.

डेंग्यूत 'पेशी कमी झाल्या' म्हणतात. त्या याच का?

नाही, त्या प्लेटलेट. खरं तर पूर्ण पेशीही नाहीत, मज्जेतल्या एका मोठ्या पेशीचे ते तुकडे. नेहमीची संख्या दीड ते साडेचार लाख.

पण डेंग्यूत पांढऱ्याही कमी होतात, आणि बऱ्याचदा प्लेटलेटच्या आधी. स्लाइडवर तेव्हा लिम्फोसाइट बदललेले दिसतात: मोठे, निळसर, कडा शेजारच्या लाल पेशींना कवटाळणाऱ्या. ते चिडलेले आहेत, कॅन्सरचे नाहीत.

डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर काळजी जास्त का, हेही इथेच कळतं. विषाणूचे चार प्रकार आहेत. पहिल्या वेळची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला अर्धवटच धरतात, निकामी करत नाहीत. अशा प्रतिपिंड लागलेल्या विषाणूला मोनोसाइट आणि मॅक्रोफेज आनंदाने आत घेतात आणि तो तिथे वाढतो. जुनी ओळख इथे उलटते.

पपईच्या पानाचा रस आणि किवी यावर मी काउंटरवर वाद घालायचं सोडलं आहे. एवढंच सांगतो की डॉक्टर फक्त प्लेटलेट बघत नाहीत. पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती), रक्तदाब आणि लघवी होतेय का, हेही बघतात. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या किंवा रक्तस्राव असेल तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा.

गाजर गवताने अंगावर उठतं, त्यावर ॲलर्जीची गोळी का चालत नाही?

कारण ॲलर्जी दोन जातींची. शिंका, पित्त उठणं, गांधी येणं हा मास्ट पेशींचा, म्हणजे कातडीत आणि नाका-श्वासमार्गात बसलेल्या पेशींचा, खेळ. त्यांच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं बसलेली असतात. परागकण आला की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं. सेट्रिझिन हिस्टामिनला अडवते, म्हणून तिथे गुण येतो.

गाजर गवताचा त्वचारोग मात्र मुख्यतः टी पेशींचा. गवतातलं पार्थेनिन कातडीत मुरतं, टी पेशी जमायला एक-दोन दिवस लागतात आणि मग कातडी लाल, जाड, भेगाळलेली होते. हिस्टामिन तिथे दुय्यम, म्हणून गोळीने फार तर खाज थोडी उतरते. क्षयासाठीची मॉन्टू टेस्ट ४८ ते ७२ तासांनी बघतात तेही याच कारणाने. टी पेशी सावकाश येतात. लोक दुसऱ्याच दिवशी हात पुढे करतात, त्यांना परत पाठवावं लागतं.

हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात.

इओसिनोफिल वाढलेत.

दमा, ॲलर्जी, पोटातले जंत किंवा एखादं औषध. ॲब्सोल्यूट आकडा ५०० पर्यंत असेल तर सहसा झोप उडवू नका. त्यापुढे डॉक्टर विचारतील.

२०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे रुग्ण आले. तो संसर्ग होता की प्रतिकारशक्तीचा आजार?

दोन्ही, एकामागून एक. त्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला. हा जंतू पाण्यातून किंवा कच्च्या चिकनमधून येतो. त्याच्या आवरणावरच्या साखरेची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरच्या एका रेणूसारखी असते. बी पेशी जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, जुलाब थांबतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी तीच प्रतिपिंडं मज्जातंतूंना चिकटतात. मागून मॅक्रोफेज येऊन तिथे कुरतडतात. पायांतली ताकद जाते आणि ती अशक्तता वर सरकते. श्वासापर्यंत पोचली तर व्हेंटिलेटर लागतो.

उपचारात आयव्हीआयजी देतात, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडं, किंवा रुग्णाचा रक्तद्रवच बदलतात. बहुतेक जण सावरतात, पण काहींना महिने लागतात. जुलाब झालेल्या प्रत्येकाला हे होत नाही, अगदी थोड्यांना होतं. तरी त्या महिन्यात आमच्याकडे मुंग्या आल्या म्हणून येणाऱ्यांची रीघ होती.

मग 'इम्युनिटी वाढवणारं' काय घ्यावं?

वरचं वाचून झाल्यावर सांगा, नक्की काय वाढवायचं? मास्ट पेशी वाढवल्या तर शिंका. टी पेशी बेलगाम झाल्या तर संधिवात, थायरॉइड, पांढरे डाग. करोनात अनेकांची फुप्फुसं विषाणूइतकीच स्वतःच्या पेशींच्या गदारोळाने बिघडली, म्हणूनच गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन द्यावं लागलं, आणि ते प्रतिकार दाबणारं औषध आहे. टी पेशींतच एक गट बाकीच्यांना आवर घालणारा असतो. त्याचा शोध लावणाऱ्या मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. आवर घालणाऱ्यांची जाहिरात मात्र कुणी करत नाही.

काढा आवडत असेल तर प्या. पण साखर अनियंत्रित असेल तर न्यूट्रोफिलचं गिळणं मंदावतं, आणि तिथे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज) खाली आणण्याइतका उपयोग कुठल्याच पुडीचा नाही. झोप, पुरेसं प्रथिन, सिगारेट बंद. आणि लसी.

लस घेतल्यावर ताप येतो, तो कशाला?

खोट्या जंतूवर पेशी खरं काम करतात, त्याच्या रसायनांनी अंग तापतं. एक-दोन दिवसांत उतरतो. ताप नाही आला तरी लस लागू पडलेली असते.

मागे राहतात त्या स्मृतिपेशी. १९१८ च्या फ्लूतून वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी मिळाल्या. याच्या उलट गोवर: तो विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो आणि आधी शिकलेलं बरंच पुसून टाकतो, म्हणून गोवरानंतर मूल इतर आजारांनी पडतं. नवव्या महिन्याचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला डोस चुकवू नका.

मला माझ्या पांढऱ्या पेशी बघता येतील का?

येतील. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त मशीनमध्ये फिरवलं की खाली गडद लाल थर बसतो, वर पिवळसर पाणी राहतं, आणि दोहोंच्या मध्ये साईसारखी एक पांढुरकी रेघ. नखाच्या कडेएवढी. ती रेघ म्हणजे या सगळ्या, प्लेटलेटसकट. सकाळी अकरानंतर या, तोवर उपाशीपोटीवाल्यांची गर्दी ओसरलेली असते. मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावून देईन.